नाव काढलं

मला इंग्रजी येतं असं मला वाटायचं, त्या दिवसांतली ही हकीकत आहे. आपल्याला ते किती येत नाही हे पुढं कळलं. पण ते कळायला एका बाईचे तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांची भरपाई मला आजतागायत करता आलेली नाही. म्हणून लिहितो आहे. मोठेपणा मिळावा म्हणून नाही, आणि ह्यात माझा मोठेपणा काही सापडणारही नाही.

लढाईची शेवटची वर्षं होती. आमचं गाव कृष्णेच्या काठावरचं; जिल्हा साताऱ्याचा, पण पाय वळायचे ते सांगलीकडं. होडीनं नदी ओलांडायची, भिलवडी स्टेशनावर गाडी धरायची, माधवनगरला उतरायचं आणि तिथून टांग्यानं सांगली. मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, रानात ऊस, आणि जवळजवळ प्रत्येक घरातलं एक तरी माणूस पलटणीत. कुणी ब्रह्मदेशात, कुणी इटलीत, कुणी कुठल्या वाळवंटात ते त्याचं त्यालाच ठाऊक. गावातल्या बायकांनी जगाचा नकाशा पाहिला नव्हता, पण लष्करी टपालाचा शिक्का त्या लांबून ओळखत.

मी शाळामास्तर. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि जिभेला हाड नव्हतं. सांगलीत राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलो होतो; पुढं जमलं नाही. तेवढ्यावर मी गावाच्या इंग्रजीचा मक्ता घेतला होता. कुणाचंही पत्र आलं की ते माझ्याकडं यायचं. "मास्तराचं इंग्रजी लय भारी. सायबाला घाम फुटंल," असं माणसं चावडीवर बोलायची, आणि मी न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचो. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

माझ्याजवळ दोन चिजा होत्या. एक जुना इंग्रजी-मराठी कोश, पुठ्ठा गेलेला, पहिली पंधरावीस पानं गेलेली. आणि दुसरी एक वही. ह्या वहीत मी इंग्रजीतली एक खोडी उतरवून ठेवत असे. इंग्रजीत क्रियापदं असतात ती साधी, तीनचार अक्षरांची. टेक म्हणजे घेणे, पुट म्हणजे ठेवणे, गिव्ह म्हणजे देणे. इथवर पोरंसुद्धा सांगतात. पण त्यांच्या मागं एखादा बारकासा शब्द लागला, अप, ऑफ, आउट असला काहीतरी, की त्या क्रियापदाचं डोकंच फिरतं. देणारा माणूस एकदम हार मानतो, ठेवणारा माणूस अंगरखा चढवतो. सांगलीचे माझे इंग्रजीचे गुरुजी ह्यांना शेपटीची क्रियापदं म्हणायचे. "शेपटी कुठं वळते ते बघायला शीक," ते सांगायचे. मी शेपट्या गोळा करत बसलो. वळण बघायचं राहून गेलं.

पत्र आलं तो शुक्रवार होता. दुपारची वेळ, आत पोरं पाढे म्हणत होती. पाटलाच्या वाटेवरच्या घरातली म्हातारी लिफाफा पदरात धरून शाळेच्या पायरीशी आली, आणि तिच्या मागं चार पावलांवर तिची सून येऊन खांबाला हात लावून उभी राहिली. त्या घरात ह्या दोघीच. म्हातारीचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भरती होऊन गेलेला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या पलटणीतल्या एका गाववाल्याचं मराठी पत्र आलं होतं: ह्याला गोळा लागला आहे, दवाखान्यात हलवला आहे, काळजी नसावी. काळजी नसावी हे लिहिणाराला सोपं असतं. त्यानंतर काहीच नाही. त्या दोन महिन्यांत सुनेनं मला रस्त्यात दोनदा थांबवून एवढंच विचारलं होतं, "मास्तर, टपाल आलं का ओ?"

"आवं मास्तर, बगा बरं काय म्हंतंय माजं पोरगं," म्हातारी म्हणाली.

मी लिफाफा फोडला. आत छापील कागद, आणि छापलेल्या ओळींच्या मधे रिकाम्या जागेत टंकलेली एकच ओळ. त्याचा नंबर, त्याचं नाव, आणि पुढं: हॅज बीन टेकन ऑफ डी. आय. लिस्ट. खाली सही, शिक्का. बस्स.

टेकन ऑफ. "थांबा हं मावशी, एक शब्द बघून येतो," असं म्हणून मी आत गेलो आणि कोश उघडला. टेकच्या पोटात ऑफ सापडला. काढणे. उतरवणे. नेणे. दूर करणे. एखाद्याची नक्कल करणे. आणि सगळ्यात शेवटी, बारीक टायपात: रोग वगैरेंनी माणूस नेणे, मृत्यू आणणे. राहिलं डी. आय. त्याचा अर्थ कोशात नव्हता. पण मला कोशाची काय गरज? डाय म्हणजे मरणे, त्याची पहिली दोन अक्षरं डी आणि आय. मेलेल्यांची यादी, आणि त्याला नेलेला आहे. मला एवढी पक्की खात्री पटली की आतल्या पोरांचे पाढे मला ऐकू येईनासे झाले. आज लिहितानाही स्वतःची लाज वाटते. कोशात एकाखाली एक अर्थ होते, आणि मी नेमका तळातला उचलला, कारण तो मलाच दिसेल इतका बारीक छापलेला होता.

बाहेर आलो. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. गेला, हा साधा शब्द होता. आपल्या भाषेत तो बाजाराला गेला असं म्हणतात आणि तो गेला असं म्हणतात. कुठला गेला हे म्हणणाराच्या आवाजावरनं कळतं. तो आवाज मला काढायचा नव्हता. शेवटी मी कागदावरचं तसंच्या तसं मराठीत ओढलं, म्हणजे निदान खोटं बोललो असं होणार नाही. यादीतून नाव काढलं आहे, असं म्हणायचं होतं. त्यातला यादी हा शब्द घशातच राहिला.

"मावशी," मी म्हणालो, "नाव काढलंय."

म्हातारीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "नाव काढलं? माज्या पोरानं नाव काढलं?" तिनं दोन्ही हात कानशिलावर नेऊन बोटं मोडली, माझीच अलाबला घेतली. "आगं बया! ऐकलंस का गं, तुज्या नवऱ्यानं नाव काढलं! सायबानं शिक्का मारून कळवलंय!" आणि ती वाटेनं सुटलीच. भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली. अर्ध्या तासात गावात गुळाचे खडे वाटले गेले. शाळेतल्या पोरांनासुद्धा मिळाले. मला मिळाला तो मी खिशात टाकला.

सून गेली नाही. ती खांबापाशीच होती. तिला सासूचे शब्द ऐकायचे नव्हते, ती माझं तोंड वाचत होती; आणि अक्षर न शिकलेल्या त्या बाईला ते माझ्यापेक्षा चांगलं वाचता येत होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "नाव काढणाराचं पत्र वाचताना तोंड असं हुतं व्हय? खरं काय लिवलंय?"

मी रिकाम्या लिफाफ्याची घडी घालायला लागलो.

"गेलं का ह्ये?"

त्या वेळी मला येत नाही असं म्हणता आलं असतं. वहिनी, एक शब्द मला लागत नाही, सांगलीला विचारून येतो, इतकं म्हणायला काय लागत होतं? पण गावाचा इंग्रजीवाला मास्तर तसं कसं म्हणणार! मी मान खाली घातली. मान खाली घालणं म्हणजे हो, एवढं तर सगळ्या भाषांत सारखंच असावं.

ती रडली नाही. पदर डोक्यावर सारखा केला. "कागदावर सई-शिक्का हाय न्हवं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, आहे. "मग आत्याबाईस्नी सांगू नगा. मी सांगीन. दोन वरसानं हसल्यात, चार दिस हसू द्या." एवढं बोलून ती सासूच्या मागं गेली, आणि घरोघरी गूळ वाटताना ताटली तिनंच धरली होती असं मला संध्याकाळी कुणीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर मी त्यांच्या दारावरून निघालो होतो. दुसरी वाट होती, पण पाय तिकडंच वळले. ओसरीवर कासार बसला होता. लेकानं नाव काढलं म्हणून म्हातारीनं सुनेचे हात भरायला त्याला बोलावून आणला होता. शेजारच्या चार बायका कडेनं बसलेल्या, त्यांची थट्टामस्करी चाललेली. "आता घरधनी आला म्हंजी मेडल तुज्या गळ्यात बांधतोय बग," असलं काहीबाही. आणि मधे ती, समोर हात करून बसलेली. कासार हिरव्या बांगड्या चढवत होता.

"हात सैल सोड बाय," तो म्हणाला. "लाकूड करून बसलीस."

हात सैल होत नव्हता. त्यानं जरा जोर केला आणि एक बांगडी काडकन् फुटली. काच लागून मनगटावर रक्ताचा ठिपका आला. एका बाईच्या तोंडून निघून गेलं, "आगं, फुटली!" त्यासरशी म्हातारी तिच्यावर खेकसली, "फुटली म्हनू ने, वाढली म्हनावं! जळ्ळं मेलं तोंड तुजं, शुभ दिवशी!" सगळ्या बायका म्हणाल्या, वाढली, वाढली. सुनेनं दुसरा हात पुढं केला. मग नजर वर केली ती वाटेवर उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. नवरा मेला आहे हे तिथं दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला, आणि ती हिरवा चुडा भरून घेत होती.

माझ्यानं तिथं थांबवलं नाही. घरी येऊन मी पुन्हा कोश काढला. तळातली ती बारीक ओळ होती तिथंच होती. पण आता तिच्या वरचे अर्थ मला दिसायला लागले. काढणे. उतरवणे. दूर करणे. आदल्या दिवशी हे कुठं गेले होते कोण जाणे. मी त्या पत्रातली ओळ आठवून कागदावर उतरवून घेतली आणि रविवारी पहिल्या होडीनं पलीकडं गेलो.

गाडीत बसून मी मराठीकडं वळलो. मनात म्हटलं, इंग्रजांना काय नावं ठेवायची, आपलं काढणे तरी कुठं सरळ आहे? विहिरीतनं पाणी काढतात, म्हशीची धार काढतात. दारात रांगोळी काढतात, पोराची दृष्ट काढतात. पायातला काटा काढतात, आणि डोक्यात वैर असलं तर माणसाचाही काटा काढतात. रुसलेल्याची समजूत काढतात, एकावरचा राग दुसऱ्यावर काढतात, माहेरच्यांची आठवण काढतात. कुणी कुणाला कोश उघडून विचारत नाही. म्हातारीनं तरी काय चुकीचं ऐकलं? नाव काढलं म्हटल्यावर तिच्या जन्मात त्याचा एकच अर्थ होता. यादीत नाव घालतात आणि यादीतनं नाव काढतात हा उद्योग साहेबाचा आणि माझ्यासारख्याचा. नांद्रं स्टेशन गेलं, माधवनगर आलं, तरी माझी मोजदाद संपली नव्हती.

गुरुजी सांगलीला गावभागात एका खोलीत राहायचे. नोकरीतून मोकळे झालेले, डोळ्यांना कमी दिसायचं. मी ओळ वाचून दाखवली. त्यांनी टेकन ऑफचे सात अर्थ सांगितले, आठवा आठवायला लागले. डी. आय. त्यांनाही ठाऊक नव्हतं. "डेप्युटी इन्स्पेक्टर असेल," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच मान हलवली, "पण शिपायाचं त्याच्याशी काय काम?"

मग त्यांनी विचारलं, "तू घरच्यांना काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. म्हातारीचं, गुळाचं, बांगड्यांचं. गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला येत नाही, ही तीन अक्षरी मी तुला शिकवायला विसरलो म्हणायचं," ते म्हणाले. शब्द तीन, अक्षरी कसली, पण ते सुधारायची मला त्या दिवशी छाती झाली नाही. वर्गात एवढ्या वेळा त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्यांतली एकही इतकी लागली नव्हती.

परत माधवनगरला जायला टांगा केला. टांगेवाला चाळिशीचा, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. मी मागं बसण्याऐवजी त्याच्या शेजारी बसलो होतो, आणि बहुतेक माझं तोंड बघवत नसावं.

"कोन आजारी हाय का मास्तर?" त्यानं विचारलं. मास्तर हे त्यानं टोपीवरनं ओळखलं असेल.

मी म्हटलं, आजारी नाही, पलटणीतला एक माणूस आहे, त्याचं पत्र आलंय, डी. आय. लिस्ट म्हणून काहीतरी आहे, त्यातनं त्याला टेकन ऑफ केलाय.

त्यानं लगाम खेचून टांगा थांबवला. भर रस्त्यात. मागून येणारा गाडीवान शिव्या द्यायला लागला.

"आवं, मग तोंड पाडून काय बसलायसा!" तो म्हणाला. "ती लिष्ट मला इचारा की! म्या दीड म्हैना हुतो तिच्यावर. डेंजरस इल म्हंत्यात तिला. म्हंजी आज हाय, उद्या न्हाई असली मान्सं. एक दिस डाक्टरसायेब आला, पाटी बगितली, म्हनला, टेक हिम ऑफ. माजं नाव काढलं. त्या दिशी मला च्या मिळाला साखर घातल्याला. त्यो वाचला, मास्तर! तुमचा मानूस वाचला!"

मी त्याला ते तीनदा सांगायला लावलं. डी म्हणजे डेंजरस, आय म्हणजे इल. धोक्याची यादी. त्या यादीतून नाव काढलं, म्हणजे धोका टळला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं खाटेवर पडून जो अर्थ काढला होता तो माझ्या कोशात नव्हता. मी पत्र वाचलं होतं, आणि त्यात तो वाचला आहे हेच मला वाचता आलं नव्हतं. मी टांग्यात हुंदके देऊन रडलो. टांगेवाला म्हणाला, "रडा, रडा. घरी जाऊन हसा."

संध्याकाळच्या गाडीनं भिलवडीला उतरलो, पण तोवर होडी बंद झालेली. रात्र स्टेशनावर काढली आणि सोमवारी सकाळी पहिल्या होडीनं निघालो. होडी घाटाला लागली तेव्हा पाण्याच्या कडेला ती धुणं धूत होती. एकटीच. बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, तरी धुणं आपटताना वाजत होत्या.

"वहिनी," मी होडीतनं उतरता उतरताच ओरडलो, "जिवंत आहे! चुकलो मी. धोक्यातनं बाहेर पडलाय. तसंच लिहिलंय त्यात."

तिचा हात वरच्या वर थांबला. मी धापा टाकत सगळं सांगितलं, टांगेवाल्याचं, यादीचं, दोन अक्षरांचं. मला वाटलं होतं, आता ही हसेल. देवाला हात जोडेल. तिनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं.

"तीन दिस," ती म्हणाली. "तीन दिस मी रांडाव हुते, मास्तर. आन हात भरून बसले हुते. जेवताना आत्याबाई म्हनायच्या, ल्येक आला म्हंजी असं करू, तसं करू. मी व्हय म्हनायची. कुंकू लावताना आरशात बगायची न्हाई. तीन दिस." आणि मग ती तिथंच ओल्या दगडावर बसून मोठ्यानं रडायला लागली. ते आनंदाचं रडणं होतं का, हे मला तेव्हा कळलं नाही. मी उभा राहिलो. काय करणार?

रडून झाल्यावर तिनं नदीचं पाणी तोंडावर मारलं. "आता ह्ये तरी खरं कशावरनं?" तिनं विचारलं.

मी टांगेवाल्याची तुटलेली बोटं सांगितली. ती तिला पटली असावीत, माझं इंग्रजी नाही.

दीड महिन्यानं दुसरं पत्र आलं. ह्या वेळी ती एकटीच आली, शाळा सुटल्यावर, पोरं गेल्यावर. शाळेच्या ओसरीवर समोर बसली. "बोट ठिवून वाचा," ती म्हणाली. "येकेक शबूद. जितं येत न्हाई तितं येत न्हाई म्हना. आन समदं सांगा. चांगलं बी सांगा, वंगाळ बी सांगा."

पत्र छापील नव्हतं. दवाखान्यातल्या कुणा मडमेनं निळ्या शाईनं लिहिलेलं, अक्षर गोल, मायेचं. मी बोट ठेवून वाचत गेलो. त्याचा ताप गेला आहे. तो जेवतो. सोबतच्यांना हसवतो. एक शब्द लागला नाही तिथं मी म्हणालो, "वहिनी, हा मला येत नाही." तिनं मान डोलावली. बोट पुढं सरकलं आणि थांबलं. हिज लेफ्ट लेग हॅड टू बी टेकन ऑफ बिलो द नी.

"थांबलासा का?" ती म्हणाली. "म्होरं काय? वाचा की मोट्यानं."

मी मोठ्यानं वाचलं. तिनं कान टवकारले. घाटावर मी तो शब्द सांगितला त्या दिवसापासून त्याचा आवाज तिच्या डोक्यात बसला होता.

"टेकन आफ. ह्यो त्योच न्हवं?"

"तोच."

"ह्या खेपंला कशातनं काढलं?"

"यादीतनं नाही, वहिनी." मी कागदावरचं बोट उचललं नाही. "पाय काढलाय. डावा. गुडघ्याच्या खाली."

खाली चावडीवर कुणीतरी बैलांना हाकारत होतं.

"कापला असं का न्हाई लिवलं मग?" ती म्हणाली.

"मऊ करून लिहिलंय. वाचणाराला लागू नये म्हणून."

"मऊ," ती म्हणाली. "तुमी बी त्या दिशी मऊ करूनच सांगितलं हुतं की." रागानं नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं. मग ती उठली, पदर खोचला, पत्र माझ्या हातातून घेऊन नीट घडी घातली. "म्हंजी काढता पाय घेतला म्हना," ती म्हणाली. "मरनाच्या दारातनं काढता पाय घेतला. त्यो पाय तितंच राहिला, ऱ्हाऊ द्या. मानूस येतंय न्हवं?" आणि ह्या खेपेला ती हसली. डोळे भरलेले, तरी हसली. पायाचं सासूला तिनंच सांगितलं. मला यायला तिनं मनाई केली.

तो आला तेव्हा उसाला तुरे आले होते. कुबड्यांवर होडीतून उतरला, आणि म्हातारीनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "नाव काढलं रं माज्या पोरानं," ती दहा जणांना म्हणाली. मेडल-बिडल काही नव्हतं. तिला कुणी काही समजावलं नाही, आणि मला आता वाटतं, तिचाच अर्थ बरोबर होता.

आठवड्यानं मी त्याला भेटायला गेलो. सांगून टाकायचंच असं ठरवून गेलो होतो. पण त्यानंच माझा हात धरला. "मास्तर," तो म्हणाला, "आमच्या घरात सांगत्यात, तुमी लय जपून पत्रं वाचली म्हनून. आईला पैल्यांदा तुमीच सांगितलं, नाव काढलंय म्हनून. लय उपकार झालं बगा." मी बोलायला तोंड उघडलं. ती उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

निघालो तशी ती वाटेच्या वळणापर्यंत मागोमाग आली. "म्या कुनालाच सांगितल्यालं न्हाई," ती म्हणाली. "ह्यांस्नी न्हाई, आत्याबाईस्नी न्हाई. तीन दिस काढलं, ते माजं मी काढलं. एका पायावर हुबं ऱ्हायला शिकत्यात ते, त्यात आनी माजं वझं कशाला? त्यो इषय तुमी काढू नगा."

मी काढला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच शाळेत होतो. पोरानं एखादा शब्द विचारला आणि तो मला येत नसला, की मी येत नाही म्हणायचो. पोरं हसायची, आणि मास्तरांना इंग्रजी येत नाही असं गावात हळूहळू झालं. होऊ दे म्हटलं. म्हातारी गेली. मग तो गेला. गेल्या साली तीही गेली. गेली म्हणजे गेली, ह्यात दुसरा अर्थ बघू नये. मी खांदा द्यायला गेलो होतो. नवऱ्यामागं इतकी वर्षं मोकळे असलेले तिचे हात पाहिले आणि कासारापुढं धरलेले ते हात आठवले.

तिनं काढू नका म्हणून सांगितलेला विषय मी आज काढला आहे. तिची परवानगी नव्हती, हे मला ठाऊक आहे.